लिफ्टची जागा

शुक्रवारची नमाज आटोपून आमची मंडळी परत आली, तरी बराच वेळ खाली दुकानापाशीच रेंगाळत होती. जिना समोरच होता. पहिली पायरी चढायची घाई कुणालाच नव्हती.

सहाव्या मजल्यावरच्या एतिदालकाकूचा निरोप दोन-तीन दिवसांपूर्वीच येऊन पोचला होता. ती नेहमीसारखी एकेकाला हाक मारून बोलली नाही, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एकदाच बोलली. ज्याला माझी सही हवी आहे त्यानं वर यावं आणि वर येऊन मागावी, एवढंच. मग खिडकी लावल्याचा आवाज आला.

आमच्या घरात हे असं सगळ्यांना एकदम सांगता येतं, कारण घराच्या मधोमध लिफ्टची जागा आहे. म्हणजे लिफ्ट नाही, नुसती जागा. आजोबा, हाजी दरवेश, फरशी बसवणारे कारागीर होते. एक मूल लग्नाला आलं की एक मजला चढवायचा, असं करत त्यांनी खाली दुकान आणि वर सहा मजले उभे केले. थोरल्यानं खाली राहायचं, धाकट्यानं वर. तरण्या पायांना जिन्याचं काय वाटणार, हा त्यांचा हिशोब. तरणे पायही पुढं म्हातारे होतात हे त्या एवढ्या हुशार माणसाच्या डोक्यात आलं नाही. अलेक्झांड्रियात अशी कितीतरी घरं आहेत आणि सगळ्यांच्या आजोबांनी हीच चूक केलेली आहे. लिफ्ट पुढंमागं बसेल म्हणून त्यांनी तळापासून गच्चीपर्यंत चौकोनी जागा मोकळी सोडली. लिफ्ट आली नाही. मग प्रत्येक बाईनं आपल्या स्वयंपाकघरातून त्या जागेत एकेक खिडकी फोडून घेतली. तिथून वास जातात, भांडणं जातात, मीठ-मसाल्याच्या हाका जातात, आणि सहाव्या मजल्यावरून दोरीला बांधलेली काकूची टोपली खाली-वर होते. आमच्यात कुणाच्या मनातलं मनात राहत नाही ते यामुळेच. मी इथं कोण काय विचार करत होतं ते सांगते आहे, ते काही अंतर्ज्ञानानं नाही. नवरा सोडून मी तिसऱ्या मजल्यावर बापाच्या घरी परत आले, तेव्हापासून मी स्वयंपाक त्याच खिडकीपाशी करते.

तर एतिदालकाकू दोन वर्षं खाली उतरलेली नव्हती. गुडघे गेले. तिचा नवरा रुश्दीकाका, म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, त्याआधीच वारले होते, मुलगी लग्न होऊन असवानला, आणि ही एकटी टोकावर. आणि आता हे घर पाडून तिथं टॉवर बांधायचा होता. गल्लीच्या दोन्ही अंगाला टॉवर झालेच होते, मध्ये आमचं घर अडकून बसलं होतं. सगळ्या वारसांच्या सह्या झाल्या की काम सुरू, असं बिल्डरचं म्हणणं. बाकी सगळे तयार होते, ती एकटी अडून बसली होती. आधी लिफ्ट बसवा, मग मी सही करते, मग खुशाल पाडा, असं तिचं म्हणणं. पाडायच्या घरात लिफ्ट कोण बसवतं? बाईचं डोकं फिरलंय असं पहिल्या मजल्यावर ठरलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्यानं त्याला मान डोलावली.

शेवटी मितवल्लीकाका निघाले. ते सगळ्यांत थोरले, पहिल्या मजल्यावरचे. मागं त्यांचा मुलगा हाझेम, त्याच्या मागं माझे वडील शौकत. दुसऱ्या मजल्यावर इन्शिराहआत्या दार उघडून तयारच होती. तहिय्याकाकू, मितवल्लीकाकांची बायको, आली नाही. माझ्या वजनाला हा जिना झेपायचा नाही, तुम्ही जाऊन या, असं तिनं दारातूनच सांगितलं आणि दार लावून घेतलं.

जिन्यात प्रत्येक मजल्याला वेगळी फरशी आहे. आजोबा ज्या ज्या घरी काम करत तिथलं उरलेलं घेऊन येत. पहिल्याला पिवळी, दुसऱ्याला हिरव्या वेलबुट्टीची. मितवल्लीकाकांना पिवळी पाठ होती. हिरवी बघून ते थबकले, आपण ही शेवटची कधी बघितली ते त्यांना आठवेना. थोरल्यानं वर जायचं नसतं, धाकट्यांनी खाली यायचं असतं. ईदला सगळे खाली, लग्नाची बोलणी खाली. रुश्दीकाका गेले तेव्हासुद्धा शोकाचा तंबू गल्लीत पडला आणि काका तिथंच बसून लोकांचे हात हातात घेत राहिले. भावाच्या घरात जाऊन त्याच्या बायकोसमोर बसावं असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. पण जिना चढायचं जिवावर आलं, आणि मग राहून गेलं.

आत्यानं माझ्या वडिलांचं कोपर धरलं आणि त्यांना मुद्दाम मागं ठेवलं. हाझेम गोड पोरगा आहे, ती कुजबुजली, त्यानं तिला समुद्राकडची जागा कबूल केली होती, फक्त कुणाला सांगायचं नाही या अटीवर. वडील पायरीवर थांबले. त्यांनाही हाझेमनं समुद्राकडचीच जागा कबूल केली होती, आणि तीही कुणाला न सांगण्याच्या अटीवर. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. गेली कित्येक वर्षं हे भाऊबहीण पाण्याच्या पंपावरून एकमेकांशी धड बोलत नव्हते, ते त्या पायरीवर एक झाले. दादाला काही कळू द्यायचं नाही, हाझेमला वर गाठायचा, असं ठरलं. पण जिन्यात आवाज घुमतो. मितवल्लीकाकांना सगळं ऐकू गेलं होतं. फक्त उत्तर द्यायला त्यांच्याजवळ दम नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर मी भाकऱ्यांची परडी घेऊन उभी होते. काका वर आले ते कठड्याला धरून. जरा वेळ इकडंतिकडं बघितलं.

"इथं एक खुर्ची असायची म्हणे ना?"

मी म्हटलं, आतून आणते.

"नको. म्हातारा झालोय का मी?" असं म्हणून ते पायरीवरच बसले, चांगला इस्त्रीचा झब्बा घालून. रुमालानं मान पुसली. हाझेम मोबाइलवर टॉवरचं चित्र काढून सगळ्यांना दाखवायला लागला, खरं तर वेळ भरून काढायला. काचेचा दरवाजा, दोन लिफ्ट, गणवेशातला दरवान, मागं निळंशार पाणी. चित्रातला समुद्र दाराला टेकलेला होता. खरा समुद्र दोन गल्ल्या सोडून आहे.

चौथ्या मजल्यावर, म्हणजे हाझेमच्या स्वतःच्या दारासमोर, आत्यानं त्याला गाठलं. समुद्राकडची जागा एकूण किती जणांना दिलीस, असं तिनं अगदी लाडानं विचारलं. हाझेम वाईट मुलगा नाही. त्याला सगळ्यांना खूश ठेवायचं असतं आणि त्यातच तो फसतो. त्याच्या मनात त्या वेळी आपली बायको होती, जी आतून दाराला कान लावून उभी असणार, आणि जिला त्यानं हीच जागा सगळ्यांत आधी कबूल केली होती. तो म्हणाला, समुद्र सगळ्यांनाच दिसेल आत्या, मजला तेवढा उंच घ्यायचा.

असं होय, मग मला सोळावा, आत्या म्हणाली. वडील म्हणाले, मग मी सतरावा. आत्या म्हणाली, तुला चक्कर येते उंचावर. वडील म्हणाले, लिफ्ट आहे ना.

तेव्हा मितवल्लीकाका बोलले. आवाज बारीक होता, पण बोलले.

"इथं थोरला कोण आहे?"

म्हणजे सगळ्यांत वरचा त्यांना. मला हसू आवरेना, मी परडीत तोंड घातलं. जन्मभर या घरात जो खाली तो मोठा. वरच्यांना हाक मारताना खालच्यांची मान कधी वळली नाही, वरच्यांनीच वाकून बघायचं. आणि एक लिफ्ट कागदावर आली तर चौथ्या मजल्यापर्यंत पोचायच्या आत सगळी रीत उलटी झाली. याच लोकांनी लिफ्टचा विषय निघाला की हात झटकले होते. मितवल्लीकाका म्हणायचे, पहिल्या मजल्याला लिफ्ट कशाला. तहिय्याकाकू म्हणायची, माझी खिडकी बंद होईल आणि गॅसचे सिलिंडर मी ठेवू कुठं. आत्याला विजेच्या बिलाची काळजी होती. माझे वडील म्हणायचे, बघू. वडिलांचं बघू म्हणजे नाही, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे.

पाचवा मजला अंधारा आहे. तिथले जलालकाका कुवेतला गेले ते गेलेच, जागा कुलपात आहे, सही पोस्टानं आली. दिवा गेलेला कुणी बदलला नाही, कारण तिथून वर जाणारं कुणी उरलंच नव्हतं, मी सोडून. कठडा हलतो म्हणून भिंतीला हात लावत चढायचं. मितवल्लीकाका नंतर मला म्हणाले, त्या अंधारात त्यांना छातीत काहीतरी आवळल्यासारखं झालं आणि त्याच वेळी रुश्दी आठवला. पंप बिघडला की रुश्दी आणि त्याची नवी नवरी बादल्या घेऊन इथून चढायची, हसत चढायची, आणि खाली काका तहिय्याकाकूला म्हणायचे, बघ कशी माकडासारखी पळतात. तेव्हा एतिदालचं वय काय असेल, एवढाच विचार ते करत होते.

सहाव्या मजल्याचं दार उघडं होतं. वास आधी आला, कांदा करपवून केलेल्या मासळीच्या भाताचा. काकू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. केस नीट झाकलेले, चांगला निळा झगा. या, बसा, म्हणाली.

बसायला फारसं काही नव्हतं. एक दिवाण होता, त्याच्यावर आत्या आणि वडील टेकले. एक खुर्ची होती, ती मितवल्लीकाकांना दिली. हाझेम उभाच राहिला.

"खुर्च्या खाली आहेत," काकू म्हणाली. "गुडघे दुखायला लागले तेव्हा मी जिन्यात प्रत्येक मजल्यावर एकेक ठेवली होती. दम खाऊन उतरता यावं म्हणून. त्या परत आल्या नाहीत."

एक खुर्ची तहिय्याकाकूच्या बाल्कनीत आहे, एक आत्याच्या शिलाईमशीनपाशी. हाझेम एकीवर कोट टाकतो. आमच्याकडची तपकिरी बैठकीची आहे, वडील तिच्यावर बसून बातम्या बघतात. कुणी चोरल्या नव्हत्या. रमजानात पाहुणे आले, आत नेल्या, आणि राहिल्या. त्या काढल्या गेल्या तशी काकू एकेक मजला कमी उतरायला लागली, आणि मग उतरेनाशीच झाली. हे आम्ही सगळ्यांनी बघितलं आणि गुडघ्यांना दोष दिला.

आधी जेवण झालं. काकूनं कुणाला विषय काढू दिला नाही. मासळी टोपलीतून वर आली होती, आत्यानंच घालून दिलेली, आणि तरी आत्यानं दोनदा विचारलं, एवढी ताजी कुठं मिळाली. चहा झाल्यावर हाझेमनं कागद काढले. काकूला त्यानं सगळ्यांत वरची जागा देऊ केली. समुद्राकडची. बाकीच्यांनी एकदम त्याच्याकडे बघितलं.

काकू म्हणाली, समुद्र मला इथूनही दिसतो. आणि खरंच, तिच्या खिडकीतून दोन टॉवरच्या फटीत बोटभर निळं दिसतं. पूर्वी पूर्ण दिसायचा.

आत्यानं सूर बदलला. ती काकूजवळ सरकून बसली, हात हातात घेतला. हाझेमच्या बाजूनं बोलायला आलेली ती, पण आता तिला हाझेमचाच राग आला होता, आणि तो काढायला काकू बरी होती. ही पोरं आपल्याला फसवतात गं एतिदाल, तू सही करूच नकोस, आधी सगळ्यांचे मजले लिहून घे. माझे वडील म्हणाले, ती तुझ्यासाठी नाही अडून बसलेली, तिच्या स्वतःच्या अटीचं बोला. मग दोघं पुन्हा भांडायला लागले. पायरीवरची मैत्री तेवढीच.

मितवल्लीकाका खुर्चीत मागं टेकून ऐकत होते. ते थकल्या आवाजात म्हणाले, एतिदाल, हट्ट सोड. पाडायच्या दिवशी चार पोरं तुला खुर्चीत बसवून नेतील खाली, फुलासारखी. तुला पायरीसुद्धा उतरायला लागणार नाही.

"नेलं होतं ना भाऊजी एकदा," काकू म्हणाली. "इस्पितळात. आठवतं तुम्हाला? प्रत्येक मजल्यावर माणसं दारात उभी होती. माझा झगा वर गेलेला, डोक्यावरचं सरकलेलं, आणि हात खुर्चीला बांधलेले म्हणून सावरता येत नाही. मी ओरडत होते, मला असं नेऊ नका, मी मेले नाही अजून. तुम्ही खालून म्हणालात, कोण बघतंय तुला. सगळे बघत होते."

आवाज चढलेला नव्हता. मग तिनं काय हवं ते सांगितलं, अगदी साधं. रुश्दीच्या कबरीवर दोन वर्षांत एकाही ईदला ती गेलेली नाही. तिला तिथं रोट्या वाटायच्या आहेत, तिथं बसून त्याच्याशी बोलायचं आहे. मग समुद्रावर कट्ट्याला बसून तिरमिसचे दाणे सोलून खायचे आहेत, आणि संध्याकाळी घरी यायचं आहे. इथं, या घरी.

"खुर्चीतून माणसाला फक्त खाली नेतात, भाऊजी. परत वर कुणी आणत नाही. इस्पितळातून आले ती पायरीपायरीवर बसत माझी मीच चढले, तेव्हा पायांत थोडा जोर होता. मला एकदा स्वतः जाऊन परत यायचंय. मग तुम्ही घर पाडा, मी मातीत राहते."

मला रडू आलं. हाझेमनं कागद घडी करून खिशात घातले. मितवल्लीकाका काहीतरी बोलायला उठू लागले, आणि त्यांना उठताच आलं नाही. तोंड पांढरंफटक, हात छातीवर. खुर्चीसकट कलंडणार तेवढ्यात माझ्या वडिलांनी धरलं.

गल्लीतला डॉक्टर धापा टाकत वर आला, त्याला आधी पाणी द्यावं लागलं. त्यानं हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढून तपासलं, गोळी जिभेखाली ठेवली. जिवावरचं टळलं होतं, पण जिना बंद. चढणं तर नाहीच, उतरणंही नाही, तपासण्या होऊन नीट बरं वाटेपर्यंत. घरी न्यायचंच असेल तर खुर्चीत बसवून, हळूहळू.

हाझेमनं गल्लीतून माणसं बोलावली. चौघं आले, पट्टे घेऊन आले. काकांना खुर्चीत बसवलं, छातीवरून पट्टा आवळला. चौघांनी उचललं आणि दाराबाहेर पहिल्याच पायरीवर खुर्ची तिरपी झाली. खाली प्रत्येक मजल्यावरून दारं उघडल्याचे आवाज येत होते. हाझेमच्या बायकोनं वर मान करून बघितलं, तिच्यामागं तिच्या माहेरची दोघंतिघं. काकांचा झब्बा गुडघ्यांच्या वर गेला होता. पांढऱ्या काटकुळ्या पायांवर मोजे.

"खाली ठेवा," काका म्हणाले. "मला असं नेऊ नका. मी मेलो नाही अजून."

आपण काय बोललो ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. मी काकूकडे बघितलं. मला वाटलं, आता ती टोमणा मारील, मी असते तर मारला असता. ती म्हणाली, आत आणा त्यांना, रुश्दीची खोली झाडलेली आहे.

अशा रीतीनं आमच्या घरातला सगळ्यांत थोरला माणूस सगळ्यांत वर राहायला गेला. एका बाईच्या घरी दीर असा राहतोय म्हणून लोक बोलतील, आत्या म्हणाली, आणि मग आपणच अंथरूण घेऊन वर गेली सोबतीला. गेली ती पहिल्याच रात्री घोरण्यावरून काकूशी भांडली, पण खाली आली नाही. खाली यायचं म्हणजे परत चढावं लागणार, आणि तिला वरचं काही चुकवायचं नव्हतं.

तहिय्याकाकू वर येऊ शकत नव्हती आणि काका खाली जाऊ शकत नव्हते. दोघांचा संसार लिफ्टच्या जागेतून सुरू झाला. काका खिडकीतून ओरडायचे, माझा चष्मा. मग माझा मफलर. मग, ती जाड मण्यांची तसबीह कुठं ठेवलीस. सुरुवातीला तहिय्याकाकू धावत होती, रडतही होती. हळूहळू तिचा आवाज सुधारला. तिच्या घरात लग्नानंतर पहिल्यांदाच शांतता होती. ती शेजारणीला बोलावून चहा पिते हे आम्हाला वासावरून कळायचं. मी तिला दोष देत नाही.

वर काका खिडकीत बसून असायचे. बोटभर समुद्र बघायचे. एकदा मी भाजी घेऊन गेले तर मला म्हणाले, सुहैर, हिला इथून खालचं सगळं ऐकू येतं गं. आम्ही तिच्याबद्दल काय काय बोलायचो, तेही. मी म्हटलं, हो काका, येतं.

हाझेम रोज चढायचा. बिल्डर अंग काढून घ्यायच्या गोष्टी करत होता, दुसरी गल्ली बघतो म्हणत होता. एका दुपारी हाझेमनं बापासमोर कागद ठेवले आणि सांगितलं, अब्बा, तुम्ही काकूला समजावा, तुमचं ती ऐकेल. काकू स्वयंपाकघरात भांडी घासत होती. घासायची थांबली नाही.

"आधी लिफ्ट," काका म्हणाले.

हाझेमला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यानं समजावून सांगितलं, महिन्याभरानं जे पाडायचंय त्यात लिफ्ट कोण बसवतं, जगात कुणी बसवली आहे का.

"ज्याला खाली जायचं असतं तो बसवतो," काका म्हणाले. "बिल्डरला सांग, दरवेशच्या घरातले सगळे आधी लिफ्टनं खाली उतरतील, मग पुढचं. नाही जमत तर जाऊ दे त्याला दुसऱ्या गल्लीत. माझीही सही मी मागं घेतोय."

आत्या दिवाणावरून म्हणाली, माझीही. मग खिडकीशी जाऊन खाली ओरडली, शौकत, तुझं काय? तिसऱ्या मजल्यावरून माझ्या वडिलांचा आवाज आला, बघू. थोड्या वेळानं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि आमचं दार उघडलं. मी काकूच्या दारातून खाली जिन्यात वाकून बघितलं. वडील ती तपकिरी बैठकीची खुर्ची उचलून जिन्यात ठेवत होते.

खिडक्या बंद होतील, तहिय्याकाकू खालून म्हणाली. तिनं सगळं ऐकलं होतं. लिफ्ट आली की आपण बोलणार कुठून? आणि हे मात्र खरं होतं. त्या टॉवरच्या चित्रातही बोलायला अशी खिडकी कुठं नव्हती. काकूनं भांडी घासायची थांबवून जरा विचार केला आणि म्हणाली, येईन मी खाली, तुझ्या दारात बसून बोलेन.

हाझेम गेला. काकांची गोळ्यांची वेळ झाली होती आणि गोळ्या पहिल्या मजल्यावर. काकूनं टोपली आणून त्यांच्या हातात दिली, दोरी दाखवली, गाठ कुठं आहे, कठड्याला कुठं घासते. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा ती टोपली खाली सोडली. दोरी हातातून सरकत राहिली, पाचवा, चौथा, आमची खिडकी, मग खाली कुठंतरी टेकली.

"तहिय्या," त्यांनी हाक मारली, "गोळ्या घाल."

"थांबा जरा," खालून आवाज आला. "हातात काम आहे."

काका दोरी धरून उभे राहिले. आणखी एकदा हाक मारावी असं त्यांच्या मनात आलं, मग मारली नाही. खालून शेजारणीच्या हसण्याचा आवाज आला, कपबशीचा आला. दोरी तशीच सैल.

काकूनं आतली खुर्ची ओढत आणली आणि त्यांच्या मागं ठेवली.

"बसा भाऊजी," ती म्हणाली. "वेळ लागतो."